उंदराचा तेवीस नंबर

“आणि ही जागा तिनं रिकामी सोडलीय, सर. चक्क रिकामी! असं चालतं का?”

हिंगमिरे सर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावून संपवला.

“कुठली जागा?”

“उंदराची. तेवीस नंबर.”

सरांचा हात शेंगांच्या परातीवर क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

जुन्या कथांतले गुरू नदीकाठी किंवा झाडाखाली बसत. डॉ. दिगंबर हिंगमिरे मिरजेत, दुसऱ्या मजल्यावर, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत बसत. बाल्कनी बंद करायला त्यांनी कुणाची परवानगी काढली नव्हती. आश्रमांना तरी कुठे असायची?

वय एकोणऐंशी. एकवीस वर्षं पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचना विभागाचे प्रमुख होते. आता त्या खुर्चीवर त्यांचे शिष्य डॉ. बळवंत चौगुले होते, वय एक्कावन्न. दोन तास गाडी चालवून, मांडीवर एक जाडजूड प्रबंध घेऊन, ते गुरूसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची बुटकी होती. विभागप्रमुखांचे गुडघे छातीपर्यंत आले होते.

प्रकरण असं होतं.

मेंदू मधोमध उभा चिरला की दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या भिंती दिसतात. दोन अर्ध्यांना जोडणारा एक पांढरा पूल असतो. त्या पुलाच्या वरून, भिंतीला धरून, कमरपट्ट्यासारखी एक वळलेली पट्टी जाते. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिला कमरपट्टाच म्हटलं. पण लॅटिनमध्ये म्हटलं, म्हणून ते नाव टिकलं: सिंग्युलेट.

पुढे या पट्ट्याचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिले गेले. पुढच्या भागात चोवीस, मागच्या भागात तेवीस आणि पुलाच्या मागच्या टोकाला बिलगून एकोणतीस. नंबरांचा क्रम असा का, हे विद्यार्थी पहिल्या वर्षी विचारतात. दुसऱ्या वर्षी विचारत नाहीत.

हे झालं माणसाचं. उंदराचा मेंदू पाहणाऱ्यांनी आपली नावं वेगळी ठेवली, मांजराचा पाहणाऱ्यांनी आणखी वेगळी. एकाच घराला तीन पत्ते झाले. पोस्टमन असता तर त्यानं नोकरी सोडली असती. शास्त्रज्ञांनी परिषदा भरवल्या.

हा घोळ आपल्यापुरता मिटवावा म्हणून हिंगमिरे सरांनी अडतीस वर्षांपूर्वी एक तक्ता केला. माणसापासून उंदरापर्यंत अकरा सस्तन प्राणी, प्रत्येकाच्या पट्ट्याचे नऊ भाग, एकूण नव्व्याण्णव चौकोन. कुठल्या प्राण्यात कुठला भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि त्याला कोण काय म्हणतं, सगळं एका नजरेत. नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव चौकोन भरलेले.

विभागात दोनच चौकटी होत्या, एक गणपतीची आणि एक तक्त्याची. दसऱ्याला हार दोन्हींना पडत असे.

आणि आता तस्नीम मुजावर नावाच्या एका मुलीनं, चार वर्षं उंदरांचे मेंदू कापून झाल्यावर, आपल्या प्रबंधात तोच तक्ता पुन्हा करून दिला होता. त्यात अठ्ठ्याण्णव चौकोन भरले होते. उंदराचा तेवीस नंबर कोरा होता. खाली बारीक अक्षरांत तळटीप: “या प्राण्यात हा भाग आढळला नाही.”

तिचे मार्गदर्शक डॉ. चौगुले. त्यांनी सही केली नव्हती.

“शेवटची तारीख कधी?” सरांनी विचारलं.

“उद्या. दुपारी बारा.”

“सही नाही झाली तर?”

“पुन्हा नोंदणी. पुन्हा दोन वर्षं.”

“पुढं काही ठरलंय तिचं?”

“हैदराबादला एका संस्थेत निवड झालीय. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत.” चौगुले थोडे चाचरले. “पण सर, प्रश्न तिच्या नोकरीचा नाही. प्रश्न तक्त्याचा आहे.”

“खरं आहे. नोकरी काय, मुलीची आहे. तक्ता माझा आहे.”

हे कौतुक की टोमणा, ते चौगुल्यांना कळलं नाही. त्यांनी कौतुक धरलं.

“तिला काय सांगितलंस?”

“म्हटलं, नीट बघ.”

“मग?”

“बघितलं म्हणाली. मायक्रोस्कोपखाली तीनशे काचा बघितल्या म्हणाली.”

“मग?”

“म्हटलं, अजून नीट बघ.”

सरांनी मान डोलावली. मार्गदर्शन पद्धतशीर चाललं होतं.

“ती काय म्हणते तरी काय?”

“म्हणते, चोवीस संपला की थेट एकोणतीस लागतो. मध्ये काही नाही. माकडात आहे, माणसात आहे, उंदरात नाही. बाहेरच्या लोकांचे चार निबंधही आणून दाखवले. वर मलाच शिकवते, सर! म्हणते, विसरण्याच्या आजारात माणसाचा हा मागचा भाग लवकर बिघडतो. औषध आधी उंदरावर तपासतात. उंदराला तो भागच नसेल, तर आपण तपासतोय काय?”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, भिंतीवर बघ.”

“मेंदूच्या?”

“विभागाच्या, सर. तक्ता लावलाय तिथं.”

आतून काकूंचा आवाज आला. “बळवंतराव, जेवूनच जायचं आज. आणि ते पुस्तक जरा बाजूला ठेवा. बाळंतिणीसारखं धरून बसलाय केव्हापासनं.”

चौगुल्यांनी प्रबंध खाली ठेवला. पाकिटातून एक टाइप केलेला कागद काढला.

“मी तयारच करून आणलंय, सर. दोनच ओळी आहेत. तक्ता प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेला असून त्यात बदलाचं कारण नाही. तुम्ही फक्त सही करायची. तुमची सही बघितली की ती मुकाट्यानं चौकोन भरेल, मग मीही सही करीन. तिचं वर्ष वाया जायला नको.”

“म्हणजे तिच्या भल्यासाठीच.”

“अर्थात.”

“पेन आहे?”

चौगुल्यांनी लगबगीनं पेन पुढं केलं. सरांनी ते घेतलं, टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“चौगुले, बावीस वर्षं शिकवतोस ना हे?”

“तेविसावं चालू आहे.”

“मग एक सोपं काम कर. मला दाखव.”

“काय?”

“तेवीस नंबर. उंदराचा. सही करण्याआधी एकदा बघावा म्हणतो. माझे डोळे आता गेले.”

“आत्ता?”

“आत्ता काय लग्नाला जायचंय तुला?”

कोपऱ्यात टेबलावर मायक्रोस्कोप होता. कॉलेजनं तो निकामी ठरवून लिलावात काढला, तेव्हा सरांनीच विकत घेतला होता. निकामी ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही सरच होते. त्यानंतर तो वीस वर्षं उत्तम चालला.

शेजारी काचांची लाकडी पेटी. प्रत्येक काचेवर जांभळ्या रंगात रंगवलेला मेंदूचा एक पापुद्रा, लांबीत कापलेला, म्हणजे सगळा पट्टा पुढून मागेपर्यंत एका काचेवर दिसावा. प्राण्याचं नाव लिहिलेल्या कडेवर सरांनी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

“नियम आठवतो?”

चौगुल्यांना आठवत होता. हिंगमिरे सरांच्या विभागात परीक्षा अशीच होत असे. एकदा भिंगाला डोळा लावला की वर काढायचा नाही. काच सर बदलणार. मुलानं नुसतं बघायचं आणि पेशींची ठेवण जिथं बदलते तिथं बारीक निबेनं काचेवर शाईचा ठिपका द्यायचा. प्राण्याचं नाव विचारायचं नाही. नाव कळलं की माणूस बघायचं थांबवतो, असं सर म्हणत.

“मला काय परीक्षा द्यायचीय का, सर?” चौगुले हसले.

“छे. तू प्रमुख आहेस. तू दाखवायचं, मी शिकायचं.”

चौगुले स्टुलावर बसले. चष्मा कपाळावर चढवला. डोळा भिंगाला लावला.

पहिली काच आली.

“माकड,” ते लगेच म्हणाले.

“नाव नको.”

त्यांनी न अडखळता ठिपके दिले. तेवीस इथं सुरू, इथं संपला. दहा सेकंद लागले नाहीत. आवाजात रुबाब होता, आणि तो शोभत होता.

दुसरी काच आली. पापुद्रा छोटा.

चौगुल्यांनी मागचा ठिपका लगेच दिला. तिथं एकोणतीसच्या बारीक दाण्यांची गर्दी एकदम सुरू होते. डोळस माणसाला चुकत नाही. पुढचा ठिपका देताना निब जरा हवेत राहिली… मग टेकली.

“इथं सुरू.”

“बरं.”

काच गेली. पाठीमागे कागद फडफडल्याचा आवाज आला. बेसिनचा नळ थोडा वेळ चालू होता. तिसऱ्यांदा काच आली. पुन्हा छोटा पापुद्रा.

“हाही उंदीरच.”

“नाव नको, म्हटलं.”

मागचा ठिपका झटकन. पुढचा… निब थोडी मागे गेली, थोडी पुढे आली.

“इथं.”

“नक्की?”

“नक्की, सर.”

पुन्हा माकड आलं. दहा सेकंद. पुन्हा छोटा पापुद्रा आला. मागचा ठिपका झटकन. पुढच्या ठिपक्याला या वेळी बराच वेळ गेला. बाल्कनीत ऊन होतं. विभागप्रमुखांच्या मानेवरून घामाचा थेंब कॉलरमध्ये उतरला.

“घाई नाही,” सर म्हणाले.

“इथं… साधारण इथं.”

“साधारण?”

“इथंच.”

“झालं. काढ डोळा.”

चौगुल्यांनी मान वर केली, चष्मा खाली ओढला, पाठ सरळ केली. शिकवल्यानंतर माणूस बसतो तसे बसले.

“पटलं ना, सर? उंदराच्या तिन्ही काचांवर दाखवला.”

सरांनी त्यांच्यासमोर टेबलावर दोन काचा ठेवल्या.

दोनच.

“तीन कुठल्या?” सर म्हणाले. “माकडाची एक, उंदराची एक. पुसून पुसून तीच देत होतो.”

मग त्यांनी एक पारदर्शक कागद पुढं सरकवला. प्रत्येक वेळी काच पुसण्याआधी त्यांनी ठिपके त्याच्यावर उतरवून घेतले होते.

माकडाच्या बाजूला दोन वेळचे ठिपके एकमेकांवर अगदी बसले होते. एकच ठिपका दोनदा दिला असावा तसे.

उंदराच्या बाजूला मागचे तीन ठिपकेही एकावर एक होते. पुढचे तीन तीन ठिकाणी होते. एक पार पुढे, एक मध्ये, एक मागच्या ठिपक्याला लागून.

चौगुल्यांनी कागद उचलून उजेडाकडं धरला.

…

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. लांब जाईपर्यंत त्याचा आवाज येत राहिला.

“डोळा तुझा उत्तम आहे,” सर म्हणाले. “जे आहे ते तुला दर वेळी तिथंच दिसतं.”

चौगुल्यांनी टाइप केलेला कागद उचलला. त्याची घडी घातली. घडीची घडी घातली. 

“सर, एक सांगू?”

“सांग.”

“मला… ते कधीच दिसलं नाही.”

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“एकदाही नाही, सर. विद्यार्थी होतो तेव्हापासून. पंचवीस वर्षं झाली. तुम्ही याच मायक्रोस्कोपवर बसवलं होतं मला, तोंडी परीक्षेला. विचारलंत, तेवीस दिसतोय का? मला काही दिसत नव्हतं. मागे बाहेरचे परीक्षक उभे. भिंतीवर तक्ता. मी म्हणालो…”

“‘दिसतोय, सर. अगदी स्पष्ट,’” सर म्हणाले.

“तुम्हाला आठवतं?”

“तंतोतंत.”

चौगुल्यांचा चेहरा उतरला. एक्कावन्न वर्षांचा माणूस सव्वीस वर्षांचा दिसू लागला, आणि ते त्याच्या फायद्याचं नव्हतं.

“मला वाटायचं, दोष माझ्यात आहे. सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही. वर्गात हा भाग आला की मी घड्याळाकडं बघायचो. कुणी विचारलं तर काय सांगायचं? म्हणून तर मी इतक्या जोरात शिकवतो, सर. आणि ही पोरगी परवा येऊन सरळ म्हणाली, ‘सर, तुम्हीच दाखवा ना.’ त्या रात्री झोप लागली नाही मला. पहिल्यांदा तिचा राग आला, मग… मग तुमच्याकडं आलो.”

“सही घ्यायला.”

“सही घ्यायला.”

सरांनी समोरची परात बाजूला सारली. हात झटकले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. इतका वेळ पुसला की काच झिजली असती.

“मलाही नाही दिसला कधी,” ते म्हणाले.

“काय?”

“तेवीस. उंदराचा.”

चौगुले स्टुलावरून अर्धे उठले.

“पण सर… तक्ता…”

“आमच्या सरांच्या टिपणात होता. मी शोधला. सापडेना. अठ्ठ्याण्णव चौकोन शाईनं भरले आणि तिथं पेन्सिलीनं दोन रेघा मारून ठेवल्या. म्हटलं, सावकाश बघू. तेवढ्यात कॉलेजात तपासणी समिती येणार असं कळलं. मी रजेवर होतो, धाकट्या बहिणीचं लग्न. प्राचार्यांनी कागद उचलून पेंटरकडे दिला, मोठा करून आण म्हणाले. त्यानं सगळंच काळ्या रंगात गिरवून टाकलं. पेन्सिलसुद्धा. त्याला बिचाऱ्याला सगळ्या रेघा सारख्याच.”

“आणि तुम्ही सांगितलं नाही?”

“परत आलो तर काच, चौकट, वर हार. समितीनं शेरा मारला होता, ‘अपूर्व तक्ता.’ अपूर्व हे खरंच होतं, तोवर तसा उंदीर झालाच नव्हता.”

चौगुल्यांना हसू आलं. त्यांनी ते आवरलं.

“पुढं तेरा वर्षं दर रविवारी बघत होतो,” सर म्हणाले. “म्हटलं, दिसला तर ठीक, नाहीतर चौकट उतरवायची. शेवटी उतरवायची असं ठरवलंच होतं. त्याच आठवड्यात तुझी तोंडी परीक्षा आली. म्हटलं, या पोराचा डोळा तिखट आहे, याला विचारू. हा नाही म्हणाला की उद्याच उतरवतो.”

“आणि मी…”

“‘अगदी स्पष्ट.’”

…

“मी घरी आलो,” सर म्हणाले. “हिला म्हटलं, जेवायला नको. चौगुल्याला दिसतोय. म्हणजे आहे. म्हणजे सगळ्या जगात मला एकट्यालाच दिसत नाही. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, बळवंत.”

पंचवीस वर्षांत सरांनी त्यांना आडनाव सोडून दुसऱ्या कशानं हाक मारली नव्हती.

चौगुल्यांनी तोंडावर हात घेतला. खांदे हलू लागले. सरांना आधी वाटलं, रडतोय. मग हाताच्या फटीतून आवाज निसटला आणि कळलं, हा गृहस्थ हसतोय. मग सरही हसले. सर हसले की त्यांना ठसका लागत असे, तसा तो लागला, तरी थांबेनात.

“मी… मी तुमच्या भीतीनं…”

“आणि मी तुझ्या!”

काकू दारात आल्या. हातात लाटणं होतं.

“काय झालं? सापडला वाटतं मेंदू?”

“नाही गं,” सर डोळे पुसत म्हणाले. “नाहीये. नाहीच मुळी!”

“मग त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?” असं म्हणून त्या आत गेल्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी शरीररचनाशास्त्राला याहून जास्त वेळ दिला नव्हता.

चौगुले सावरले. गळ्यापर्यंतचं बटण त्यांनी सोडलं. मग एकदम गंभीर झाले.

“पण सर, मुलं? सातशे मुलांना शिकवलंय मी. सातशे जणांना मायक्रोस्कोपवर बसवून विचारलंय, दिसतोय का म्हणून.”

“काय म्हणाली?”

“सगळी म्हणाली, दिसतोय.”

“सगळी?”

“सगळी, सर. एकानं तर त्याचं इतकं सुरेख चित्र काढलं होतं, पेशी न् पेशी… आम्ही त्याला पदक दिलं.”

“आता कुठं असतो?”

“प्राध्यापक आहे. सोलापूरकडं.”

“असणारच,” सर म्हणाले.

चौगुल्यांनी प्रबंध उचलला, पहिलं पान काढलं. मार्गदर्शकाच्या नावापुढं रेघ होती. पेन सरांकडंच राहिलं होतं. सरांनी ते परत दिलं. चौगुल्यांनी सही केली, खाली तारीख घातली. सही नेहमीपेक्षा लहान आली. मग त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण सरांना कमी ऐकू येत असे.

“हॅलो, मुजावर?”

“हां सर. बोला सर.” आवाज बारीक होता. रडून झालेला किंवा रडायच्या तयारीतला.

“उद्या सकाळी साडेनऊला केबिनमध्ये ये. सही झालीय.”

पलीकडं काहीच आवाज नाही.

“ऐकू येतंय का?”

“येतंय सर. सर, मग… त्या चौकोनात काय लिहू?”

“काही नाही.”

“‘काही नाही’ असं लिहू?”

“अगं, नाही! काही लिहू नकोस. आहे तसाच राहू दे.”

“कोरा?”

“कोरा.”

मग घाईघाईत, फोन तोंडापासून लांब धरून, कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं: “अम्मी! झाली सही! अगं, कोरा ठेवून झाली!” त्यानंतर भांडं पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

चौगुल्यांनी फोन खिशात टाकला. खिडकीपाशी उभे राहून त्यांनी एक लांब श्वास सोडला. बराच जुना श्वास असावा.

“उद्या गेल्या गेल्या चौकट उतरवतो, सर.”

“गणपतीची नको उतरवूस. तिच्यात माझा काही हात नव्हता.”

काकूंनी पानं वाढली. चौगुले जेवले, आणि पुष्कळ जेवले. पिठलं दोनदा मागून घेतलं. सर त्यांच्याकडं बघत होते आणि स्वतःही एक भाकरी जास्त खात होते. काकूंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि आणखी दोन भाकऱ्या टाकायला उठल्या.

निघताना चौगुले वाकले. सरांनी पाठीवर हात ठेवला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून चौगुले थांबले. वळले. येताना चेहऱ्यावर असलेला रुबाब आता शोधून सापडत नव्हता.

“सर, एक विचारायचं राहिलं.”

“विचार.”

“ही मुलगी अजून महिनाभर माझ्याकडं आहे. आता हिला मी काय शिकवू?”

सर दाराची कडी धरून उभे होते. 

“शिकवू नकोस. तिला शेजारी बसव आणि विचार, तिला आणखी काय काय दिसत नाही.”